खिशातला कॅमेरा की पेटीतला?

फील्डची दोन-अडीच वर्षं संपत आली की जवानाच्या खात्यात चार पैसे साठलेले असतात. खर्च करायला तिथं असतं काय? लंगरचं जेवण, कॅन्टीनचा साबण, घरी एक फोन. पूर्वी त्या साठलेल्या पैशांतून ट्रान्झिस्टर यायचा, नंतर मोटारसायकल, नंतर घरावरचा स्लॅब. हल्लीची पोरं कॅमेरा घेतात. आणि घेण्याआधी माझ्याकडे येतात, कारण पलटणीत मला 'फोटोवाले साहेब' म्हणतात. सुभेदार साहेबांनी हे नाव थट्टेत ठेवलं होतं, ते चिकटलं.

परवा सिग्नल प्लाटूनचा एक पोरगा आला. बीडकडचा, सहा वर्षं सर्व्हिस झालेला. मोबाइलवर वीस-पंचवीस व्हिडिओ बघून डोक्याचं भजं करून आला होता.

"साहेब, मिररलेस घेऊ का तो मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा घेऊ?"

मी विचारलं, "फोटो कुणाचे काढणार?"

"घरच्यांचे, साहेब. आणि आपल्या पोरांचे."

त्याला बसवून जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. याच कोड्यात अडकलेले आणखी पुष्कळ जण आहेत, त्यात पेन्शनवर गेलेले आमचे काही उस्तादही आहेत.

आधी हे दोन प्राणी कोणते ते बघू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असायचा. तो उजेड वर वळवून डोळ्यापर्यंत आणायचा आणि बटण दाबलं की 'खटाक्' करून बाजूला व्हायचा. २००८ साली पॅनासॉनिकने जी१ नावाचा कॅमेरा आणला, त्यातून आरसा काढून टाकला होता आणि लेन्स बदलायची सोय मात्र ठेवली होती. ती झाली मिररलेस जात. दुसरा प्राणी म्हणजे खिशात मावणारा, लेन्स कायमची जोडलेली, पण आतला सेन्सर साध्या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा बराच मोठा. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ चा, त्याच्या पुढच्या आवृत्त्या येत राहिल्या. रिकोचा जीआर आणि फुजीफिल्मचा एक्स१०० यांत तर सेन्सर बहुतेक मिररलेसएवढाच आहे, पण त्यांना झूम नाही. जीआर खिशात जातो. एक्स१०० साठी खिसा कोटाचा लागतो, आणि पाकीट त्याहून मोठं.

तुलना करायची तर एकाच घरातले, एकाच सालचे दोन भाऊ घेऊ. सोनी ए६००० हा मिररलेस आणि सोनी आरएक्स१०० मार्क ३ हा छोटा. दोन्ही २०१४ चे. म्हणजे आता जुने झाले, पण सेकंडहँड बाजारात आमच्या पोरांच्या हाताला असेच लागतात, आणि जे गणित यांच्यात आहे तेच आजच्या नव्यांतही आहे.

ए६००० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. छोट्याचा १३.२ बाय ८.८. याला 'एक इंची' सेन्सर म्हणतात, पण फुटपट्टी घेऊन मोजायला जाऊ नका, इंच कुठंच सापडणार नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या मापावरून ते नाव पडलं आणि राहिलं. क्षेत्रफळ काढलं तर मोठ्याचं साधारण ३६६ चौरस मिलिमीटर, छोट्याचं ११६. तिपटीहून जास्त फरक. इथपर्यंत आलं की व्हिडिओवाले सांगतात, बघा, मिररलेसच घ्या.

पण जरा थांबा. पावसात पागोळ्यांखाली घमेलं ठेवतो ना, तसा सेन्सर. घमेलं मोठं तर पाणी जास्त, हे खरं. पण वरून पन्हळ किती रुंद आहे तेही बघावं लागतं. लेन्स म्हणजे ती पन्हळ. मिररलेसबरोबर पेटीत जी १६-५० ची लेन्स येते तिचं तोंड जास्तीत जास्त उघडतं एफ/३.५ पर्यंत, आणि झूम केलं की एफ/५.६. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडते एफ/१.८, झूमला एफ/२.८. या आकड्यांचं उलटं असतं, आकडा लहान तर तोंड मोठं, आणि उजेडाचा हिशोब वर्गात जातो. म्हणजे छोट्याच्या सेन्सरवर दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ चौपट उजेड पडतो. एकाचं घमेलं तिप्पट, दुसऱ्याची पन्हळ चौपट. हिशोब करा: दोघांच्या घमेल्यात पाणी जवळपास सारखंच, छोट्यात किंचित जास्तच.

हे ऐकून त्या पोराचा चेहरा पडला. त्याने मिररलेसचा कव्हरसुद्धा बघून ठेवला होता.

मग मी त्याला पुढचं सांगितलं. त्याच मिररलेसवर ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावा. आता घमेलंही मोठं आणि पन्हळही रुंद. छोट्या कॅमेऱ्याने पूर्ण झूम करून जो चेहरा टिपला असता, त्यापेक्षा साडेसात पट उजेड या लेन्समधून सेन्सरवर येतो. माजघरात एक ट्यूबलाइट, त्याखाली आजी वाती वळत बसलेली. हा फोटो ती लेन्स असा काढते की छोटा कॅमेरा जन्मात काढणार नाही. आजीच्या हातावरची शीर न् शीर दिसते आणि मागचं फडताळ लोण्यासारखं विरघळून जातं. तेव्हा माझं मत सरळ आहे: दुसरी लेन्स घेणार असाल, आणि घेतल्यावर लावणार असाल, तर मिररलेस. पेटीतल्या एका लेन्सवर आयुष्य काढणार असाल तर त्या मोठ्या सेन्सरचे पैसे देऊन तुम्ही नुसतं वजन विकत घेताय. आमच्या पलटणीत मी मोजले, सात जणांकडे मिररलेस आहेत. दुसरी लेन्स दोघांकडे.

आता वजनाचं. ए६००० आणि त्याची पेटीतली लेन्स मिळून साधारण ४६० ग्रॅम. ५० ची लेन्स घेतली की आणखी दोनशे. छोटा २९० ग्रॅम, बॅटरी आणि कार्डासकट. पुण्यात बसलेला माणूस म्हणेल, पावशेर-अर्ध्या किलोवर काय रडता? पण ज्याने पिट्टू लावून चढ चढला आहे त्याला ग्रॅम म्हणजे काय ते माहीत असतं. चौदा हजार फुटांवर माणूस टूथब्रशचा दांडा तोडून अर्धा करतो.

आणि वजनापेक्षा मोठी गोष्ट जागेची. मिररलेसला पिशवी लागते. पिशवी खांद्यावर घेऊन कामावर जाता येत नाही. मग ती राहते बॅरेकमध्ये, बॅरेकमधून जाते काळ्या पेटीत, आणि कंपनी वर गेली की पेटी राहते खाली रिअरला. मालक वर, कॅमेरा खाली. उत्तर सिक्कीममध्ये लाचेनच्या वर आम्ही होतो तेव्हा असे तीन चांगले कॅमेरे खाली पेट्यांत फिनाइलच्या गोळ्यांशेजारी झोपले होते. माझा छोटा, परवानगी घेऊन, कोटाच्या आतल्या खिशात होता.

त्या खिशामुळे निघालेला एक फोटो आहे. आमचा एक नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातला, नाव लिहीत नाही. त्या दिवशी लंगरचा माणूस आजारी, म्हणून हा चपात्या लाटायला बसला होता. बाहेर बर्फ, आत स्टोव्हचा आवाज, आणि याने लाटलेली चपाती नकाशावरच्या श्रीलंकेसारखी. कुणीतरी म्हणालं, "नाईकसाहेब, घरी वहिनी लाटू देतात का?" तो मान मागे टाकून हसला. कपाळाला पीठ. मी खिशातून काढला, एक फोटो घेतला, परत ठेवला. कोण मुद्दाम कॅमेरा आणायला जाणार होतं चपातीच्या फोटोसाठी?

पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली, त्यात तो गेला.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे. घरी मृतदेह नेताना फोटो लागतो. बॅनरला लागतो, पेपरला लागतो, हार घालायला लागतो. आणि तो सापडत नाही. आयकार्डाचा असतो, भरतीच्या वेळचा, डोक्यावरचे केस काढलेले, डोळे घाबरलेले. नाहीतर लग्नाच्या अल्बममधला, त्यात बाशिंग. मोबाइलमध्ये हजार असतात, पण मोबाइलला लॉक असतं आणि लॉकचा आकडा त्याच्याबरोबर गेलेला असतो. त्याच्या वडिलांना मी महिन्याभराने भेटायला गेलो तेव्हा भिंतीवर तो आयकार्डाचा मोठा केलेला फोटो होता, चेहऱ्याचे चौकोन चौकोन पडलेले. मी त्यांना चपात्यांचा फोटो दाखवला. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, ह्योच मोठा करून द्या. वर्दीतला राहू द्या तिथंच, ह्यो त्याच्या आईजवळ लावतो."

कोल्हापुरात १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढली. वीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ५४७२ बाय ३६४८ ठिपके. अठरा इंचांवर पसरले तर इंचाला तीनशे येतात, म्हणजे छापखान्याला हवे तेवढे. लंगरमधल्या अंधारामुळे थोडे दाणे दिसत होते. ते मलाच दिसले.

सैनिकाच्या खिशातला कॅमेरा ही काही आजची गोष्ट नाही. कोडॅकने १९१२ मध्ये 'व्हेस्ट पॉकेट' नावाचा घडीचा कॅमेरा काढला. भाता आत ढकलला की सपाट, वरच्या खिशात जाणारा. पहिल्या महायुद्धात त्याची जाहिरातच 'सैनिकाचा कॅमेरा' म्हणून व्हायची आणि तो हातोहात खपला. गंमत म्हणजे त्यात १२७ नंबरची फिल्म लागे आणि एक निगेटिव्ह सुमारे ४ बाय ६.५ सेंटीमीटरची. आजच्या फुल फ्रेम सेन्सरच्या तिपटीएवढी! मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला म्हणायचा. आणि पाठोपाठ बंदीसुद्धा आली. ब्रिटिश फौजेने पश्चिम आघाडीवर सैनिकांना कॅमेरे बाळगायला मनाई केली. का, ते आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

बंदीचा विषय निघालाच आहे तर आपलंही सांगून टाकतो. परवानगी नसेल तिथं कॅमेरा नाही. परवानगी असली तरी मोर्चा, हत्यार, गाडीचा नंबर, युनिटचा बोर्ड, मागची ओळखू येणारी धार, यातलं काही फ्रेममध्ये नको. कॅमेऱ्याचं वायफाय बंद. कॅमेरा फोनच्या ॲपला जोडला की फोन त्याला ठिकाणही सांगू शकतो आणि ते फोटोच्या पोटात लिहिलं जातं. आरएक्स१०० च्या पहिल्या, २०१२ च्या आवृत्तीत वायफायच नव्हतं. लोक त्याला उणीव म्हणत, मला तो गुण वाटायचा. २०२० च्या जुलैमध्ये आपल्याला ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितलं तेव्हा पुष्कळ पोरांना वाटलं की आता फोटो काढून उपयोग काय, दाखवणार कुठं. मला उलट वाटलं. दाखवायचे फोटो बंद झाले, ठेवायचे राहिले.

एवढं छोट्याचं कौतुक केलं, आता त्याची खोड सांगतो, नाहीतर जैसलमेरवाले मला शिव्या घालतील. या कॅमेऱ्याची लेन्स चालू केली की नळीसारखी बाहेर येते, बंद केली की आत जाते. वाळवंटात ती प्रत्येक वेळी बारीक धूळ घेऊन आत जाते. धूळ सेन्सरवर बसली की आकाशात काळे डाग, आणि लेन्स निघत नाही म्हणून आपल्या हाताने ती साफ करता येत नाही. पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो आणि तो खर्च काही वेळा कॅमेऱ्याच्या किमतीच्या शेजारी जाऊन बसतो. मिररलेसची लेन्स बदलताना धूळ जाते हे खरं, पण ती रबरी फुग्याने उडवता येते. जीपमध्ये, अंगावर चादर घेऊन, तोंड खाली करून. राजस्थानात पोस्टिंग असेल तर छोटा कॅमेरा झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि आंधी असताना बाहेर काढायचाच नाही.

दुसरी खोड, पळत्याला पकडण्याची. व्हॉलीबॉलच्या मॅचमध्ये ए६००० त्याच्या १७९ फोकस-ठिकाणांनी स्मॅश मारणाऱ्याला चिकटून राहतो. छोटा विचार करत बसतो, तोवर पॉइंट होऊन जातो.

थंडीत दोघंही सारखेच नालायक. बॅटरी कागदावर तीनशे-साडेतीनशे फोटो सांगते. उणे तापमानात तो आकडा विसरायचा. दोन जादा बॅटऱ्या बनियनच्या खिशात, अंगाच्या उबेला. मेलेली बॅटरी गरम झाली की पुन्हा थोडी जिवंत होते. दोन्ही यूएसबीवर चार्ज होतात, म्हणजे जनरेटर चालू असताना पॉवरबँक भरून ठेवली की भागतं. आणि बाहेरून आल्यावर कॅमेरा एकदम बुखारीजवळ नेऊ नका. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, मग आत आणा, तासभर तसाच राहू द्या. घाम पिशवीला येऊ दे, काचेला नको. बर्फात फोटो राखाडी येतो, तेव्हा एक्स्पोजर एक घर वर. बर्फाच्या उजेडात मागचा पडदा दिसत नाही म्हणून डोळ्याला लावायची खिडकी हवीच. मार्क ३ मध्ये ती आतून वर येते आणि पुढे ओढावी लागते, हातमोजे घालून हे करून बघा म्हणजे नवे शब्द सुचतील. जीआरला खिडकीच नाही, तो मी डोंगरावर कुणाला सांगत नाही.

एक गोष्ट व्हिडिओवाले कुणीच सांगत नाहीत. ज्याच्या हातात कॅमेरा, तो फोटोत नसतो. माझ्या अठरा वर्षांच्या फोटोंत मी मोजून तीसेक ठिकाणी आहे. म्हणून कॅमेरा असा हवा की दुसऱ्याच्या हातात दिला, 'हे बटण दाब' म्हटलं, की फोटो यावा. सुट्टीचे साठ दिवस घरी असता. त्यात तुमचा आणि पोराचा फोटो कोण काढणार? बायको काढणार, आई काढणार, शेजारचा पोरगा काढणार. ५० च्या लेन्सवर एफ/१.८ ला आईने फोटो काढला तर फोकस तुमच्या कानावर आणि नाक धुक्यात. छोट्यावर ऑटो करून द्या, सगळे स्वच्छ येतात. त्या बीडच्या पोराचा मुलगा दोन वर्षांचा आहे, मागच्या सुट्टीत बापाला बघून रडत आजीच्या मागे लपला. त्याला मी म्हटलं, तुला पोराचे फोटो नको आहेत, तुझे आणि पोराचे एकत्र हवे आहेत. त्याने मान हलवली. दोन दिवसांनी सांगत आला, सेकंडहँड मार्क ३ बघितलाय. आणि ५० च्या लेन्सचं? ते पीस स्टेशन आलं की बघू म्हणाला. शहाणा आहे.

सेकंडहँड घेताना एवढं करा. कॅमेरा एफ/११ ला लावा, निरभ्र आकाशाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. ठिपके दिसले तर विकणारा कितीही गोड बोलला तरी निघून या. लेन्स दहा वेळा आत-बाहेर करा आणि कान लावून ऐका, वाळूचा आवाज ओळखू येतो. खिडकी वर येते का, बॅटरीचं दार घट्ट बसतं का, तेही बघा.

आणि वर्षाला एकदा प्रिंटा काढा, पोस्टकार्डाएवढ्या चालतील. मागे पेन्सिलीने नाव, गाव, महिना लिहा. कोडॅकच्या त्या घडीच्या कॅमेऱ्याला १९१५ पासून मागे एक छोटी झडप होती. ती उघडून काडीने फिल्मवरच तारीख आणि नाव लिहिता यायचं. आपल्याला पेन्सिल पुरते. बडाखान्याच्या गेल्या वेळच्या एकोणीस प्रिंटा माझ्याकडे पाकिटात पडल्या आहेत; सातारा-सांगलीकडच्या पुढच्या सुट्टीवाल्याच्या हाती त्या पाठवणार आहे.